उलटा टांगलेला पंप

धाकट्यानं कांद्याचं एक रोप मुळासकट उपटलं, पात दोन्ही हातांनी फाकवली आणि मानेशी डोळा नेला. आतल्या कोवळ्या पातीच्या बेचक्यात फुलकिडे वळवळत होते. पिवळट, सुईच्या टोकानं ओढलेल्या रेघेएवढे. त्यानं रोप तळहातावर झाडलं, तसा तळहात जिवंत झाला. मग दुसऱ्या हाताचा अंगठा त्यानं त्या सगळ्यांवरून असा दाबून फिरवला की खालची कातडी लाल झाली.

"मेले ते," बायको म्हणाली. ती पलीकडच्या वाफ्यात तण काढत होती. "आता हात सोलून काढणार आहात का?"

"एवढेच मेले."

त्यानं दुसरं रोप उपटलं. मग तिसरं. सगळीकडे तेच. पातीवर पांढरे चंदेरी ओरखडे उठले होते, मांजरानं नखं ओढावीत तसे. शेंडे मुरडायला लागले होते. शेजाऱ्याचा गहू नुकताच कापून झाला होता. उभ्या गव्हात पोसलेला किडा, घर पडल्यावर माणसं निघतात तसा निघाला आणि पहिलं हिरवं दिसलं त्यात शिरला. पहिलं हिरवं म्हणजे धाकट्याचा कांदा.

फुलकिड्याच्या औषधाला एक वेळ असते. किडा थोडा असतानाच मारत सुटलं तर औषध फुकट जातं आणि मागे उरलेला किडा तेच औषध पचवायला शिकतो. उशीर केला तर तो मानेत खोल जाऊन बसतो, पात वाळते आणि खालची गाठ लिंबाएवढीच राहते. मधले दोन-चार दिवस तेवढे माणसाचे. हे धाकट्याला माहीत होतं, थोरल्याला माहीत होतं, त्यांच्या म्हाताऱ्या आईलाही माहीत होतं. घोडं अडलं होतं ते पंपापाशी.

बाप गेल्यावर दोघा भावांनी वाटणी केली होती. जमीन मापून झाली, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, बैल एकेक घेतला, घराच्या मधोमध भिंत उठली. राहिला बापाचा फवारणीचा पंप. पाठीवर घ्यायचा, डाव्या हातानं दांडा हापसायचा, उजव्या हातात पितळेची लांब नळी. तो कसा वाटायचा? धाकटा त्या दिवशी करवत घेऊन आला होता, हे गावात अजून सांगतात. म्हातारी पंपावर बसली आणि दोघं कबूल होईपर्यंत उठली नाही. तेव्हा ठरलं, एक आठवडा याचा, एक आठवडा त्याचा. ज्याचं काम झालं त्यानं पंप तीन पाण्यांनी धुवायचा आणि बांधावरच्या खांबाला झाकण काढून उलटा टांगायचा, बाप टांगायचा तसा. उलटा दिसला की धुतलेला आहे, खुशाल न्यावा. एकदा उलटा टांगलेला पंप दुसऱ्यानं पुन्हा धुवायचा नाही, हेही न बोलता ठरून गेलं होतं. धुणं म्हणजे टांगणाऱ्याच्या तोंडावर थुंकणं.

नवा पंप काही सोन्याचा येत नव्हता. पण नवा घ्यायचा म्हणजे जुना दुसऱ्याला सोडायचा. दोघंही बापाचीच पोरं. कुणी घेतला नाही.

आणि हा आठवडा थोरल्याचा होता.

धाकटा आधी गहूवाल्या शेजाऱ्याकडे गेला. शेजारी कापणीच्या विळ्याला धार लावत होता. त्यानं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"पंप आहे. पण द्यायचा नाही मला."

"का?"

"तुला दिला की तो विचारणार, मला का नाही. त्याला दिला की तू करवत घेऊन येणार. तुमच्या दोघांच्या मधे जो शिरला त्याचं पीठ झालं. मला अजून पोरांची लग्नं करायचीत."

धाकटा दात खात तिथून निघाला आणि सरळ थोरल्याच्या गोठ्यात शिरला.

थोरला उकिडवा बसून पंपात तणनाशक ओतत होता. बांधावरचं गवत जाळायला त्यानं ते दाट कालवलं होतं. त्या वासानं डोळ्यांत पाणी यायचं. थोरला कधी हात उचलत नसे. त्याला गरजच पडत नसे, जीभ पुरत होती.

"दादा, पंप पाहिजे."

"आठवडा कुणाचा?"

"तुझा. पण किडा चढलाय. आज-उद्या मारलं नाही तर माझा कांदा गेला."

"माझ्या कांद्यात काही नाही. सकाळीच बघून आलो, रोपाला चार-दोन आहेत. दोघांनी एकाच दिवशी मारायचं, नाहीतर तुझ्याकडचा उठून माझ्याकडे येतो. थांब थोडं."

"माझ्या रानाला गहू लागून होता, तुझ्या नाही. तुझी वेळ यायची आहे, माझी आली."

"तुझं सगळंच आधी असतं," थोरला झाकण फिरवत म्हणाला. "लावणी आधी, भूक आधी, राग आधी. जन्म तेवढा उशिरा झाला, त्याचा सूड अजून घेतोयस."

गोठ्याच्या दारात वहिनी उभी होती. तिला हसू आलं, तिनं ते फडक्याआड दाबलं. धाकट्यानं ते पाहिलं. मार खाल्ला असता तर त्याला एवढं लागलं नसतं.

"गवतासाठी माझा कांदा घालवतोस?" त्यानं पंपाचा पट्टा धरला.

"सोड."

"नाही सोडत."

दोघांनी ओढला. पट्ट्याचं बक्कल थोरल्याच्या बोटात घुसलं, रक्त आलं. धाकट्यानं गुडघा लावून त्याला मागे ढकललं, तसा थोरला गव्हाणीच्या दगडावर आदळला आणि त्याचा कोपर सोलून निघाला. बैल बुजून दाव्याला हिसके द्यायला लागला. थोरला उठला तो हातात खुरपं घेऊनच.

तेवढ्यात म्हातारी मधे आली. तिची पाठ पार वाकली होती, त्यामुळे ती दोघांच्या पोटाशी येत होती. तिनं हातातला झाडू आधी थोरल्याच्या मांडीवर मारला, मग धाकट्याच्या.

"मला कापा मधून," ती म्हणाली. "अर्धी इकडे ठेवा, अर्धी तिकडे. नाहीतरी पंपासारखी महिन्या-महिन्यानं फिरवताच मला."

थोरल्यानं खुरपं खाली टाकलं. धाप लागल्या आवाजात तो म्हणाला, "पंप इथंच राहील. याला हात लावलास तर तो हात राहणार नाही."

धाकटा निघाला. वाटेत त्यानं थोरल्याच्या बांधावरचा एक दगड उचलला आणि कुठे फेकावा हे न सुचून आपल्याच वाफ्यात फेकला.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना तो रानात आला, तर बांधावरच्या खांबाला पंप टांगलेला. उलटा. झाकण काढून दोरीनं बाजूला बांधलेलं. नळी नीट गुंडाळून खोचलेली.

तो तिथंच उभा राहिला. कालपासून त्यानं मनात थोरल्याला इतक्या वेळा मारलं होतं की आता हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना.

"बघ," तो बायकोला म्हणाला, "दादानं टांगला."

"शेवटी माणूसच आहेत ते."

"जाताना वहिनीला तांब्याभर दूध देऊन ये. आणि काल मी ढकललं त्याचं काही बोलू नकोस. नुसतं दूध दे."

बायकोनं पंपाच्या तोंडाशी नाक नेलं. "वास येतोय हो कसलासा. एकदा पाणी फिरवून घ्या."

"उलटा टांगलाय तो," धाकटा म्हणाला. "त्यानं स्वतःहून दिला आणि मी त्याच्या डोळ्यांदेखत धुवत बसू? औषधाच्या पंपाला औषधाचाच वास येणार."

त्यानं पाणी भरलं, टोपणानं मोजून औषध घातलं, वरून चिकटा घातला. कांद्याची पात मेणचट, नुसतं औषध तिच्यावरून घरंगळून जातं. वारा पडलेला होता. दव सुकत आलं होतं. किडा बेचक्यातून वर सरकायची हीच घडी. त्यानं पंप पाठीवर घेतला, पट्टे ओढले आणि दांडा हापसायला सुरुवात केली. नळीचं तोंड तो पातीवरून नुसतं फिरवत नव्हता, एकेका मानेत खुपसत होता. डाव्या खांद्याची वाटी दुखायला लागली. घाम भुवईवरून डोळ्यांत उतरला, पुसायला हात मोकळा नव्हता. मधेच वाकून त्यानं एक पात फाकवली. किडे आखडून पडले होते. तो हसला. कुणीतरी कुणाला तरी वेळेवर गाठलं, याचा आनंद त्याला लहानपणापासून होता.

पहिला पंप संपला, दुसरा भरला. तेव्हा त्याला थोरला दिसला. पलीकडच्या बांधावर, कमरेवर हात ठेवून, इकडेच बघत उभा होता. धाकट्यानं नळी धरलेला हात वर केला. ओळख दिल्यासारखा, जरा लाजतच.

थोरल्यानं हात वर केला नाही. थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि वळून गेला.

"रागावलेत अजून," बायको म्हणाली.

"जाईल राग," धाकटा म्हणाला आणि पुढच्या ओळीला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको रानातून पळत आली. धाकटा जेवणावरून उठला तो उष्ट्या हातानंच गेला.

पहिले वाफे जळाले होते. वाळले नव्हते, जळाले होते. पात तपकिरी होऊन जमिनीला लोळत होती, उकळतं पाणी ओतावं तशी. त्यानं एक मान धरली तर ती हातात लिबलिबीत होऊन आली. त्याच्यापुढचे वाफे अर्धे जळालेले. त्यापुढं पातीवर नुसते ठिपके. आणि शेवटचे वाफे हिरवेगार, ताठ, एक किडा नाही.

तो पहिल्या वाफ्यापासून शेवटच्यापर्यंत चालत गेला आणि पुन्हा उलटा आला. औषध खोटं असतं तर सगळीकडे सारखं जळालं असतं. औषध जास्त पडलं असतं तर कुठेतरी एके ठिकाणी जळालं असतं. हे पंपागणिक कमी होत गेलं होतं. पहिल्या पंपाला सगळ्यात जास्त, दुसऱ्याला त्याहून कमी, तिसऱ्याला ठिपके. म्हणजे जे होतं ते टाकीत होतं, नळीत होतं, आणि त्यानंच ते आपल्या हातानं एकेका मानेत खुपसून धुऊन काढलं होतं. परवाचा गोठ्यातला तो वास त्याच्या नाकात परत आला. बांधावर हात कमरेवर ठेवून उभा असलेला थोरलाही.

"अहो," बायको म्हणाली, "आधी विचारा तर खरं."

त्यानं पंपाची पितळी नळी फिरवून सोडवली आणि हातात घेतली.

वाटेत वहिनी भेटली. दुधाचा तांब्या घासून परत द्यायला येत होती. "भाऊजी, तुमचं भांडं," ती म्हणाली. त्यानं नळीनं तो तांब्या तिच्या हातातून उडवला. तो दगडावरून टणटणत पाटात गेला. वहिनी हात धरून खाली बसली.

थोरला गोठ्यामागे चारा कापत होता. त्यानं मान वर केली आणि धाकट्याचं तोंड पाहून विळा घट्ट धरला.

"पंप धुतला होतास?"

"कुठला पंप? पंप तू चोरून—"

नळी खांद्यावर बसली. थोरला एका गुडघ्यावर आला, तिथूनच त्यानं विळा फिरवला. धाकट्याच्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत चीर उघडली आणि क्षणभर ती पांढरी राहिली, मग भरली. धाकट्यानं त्याच्या छातीत लाथ घातली. दोघं चाऱ्यात पडले. विळा कुठेतरी गेला. थोरल्यानं त्याचा कान दातांत धरला, धाकट्यानं त्याचं डोकं केसांना धरून जमिनीवर आपटलं. कधी लहानपणी ते असेच याच चाऱ्यात लोळायचे आणि बाप येऊन दोघांना एकेक लाथ घालायचा. आता लाथ घालायला कुणी नव्हतं.

धाकटा वर आला. गुडघा थोरल्याच्या पोटात रोवून त्यानं नळी दोन्ही हातांनी उचलली. थोरल्यानं तोंडावर हात घेतला.

"मी टांगला," म्हातारी ओरडली. ती भिंतीला धरून धरून येत होती. "अरे, मी टांगला तो पंप. त्यानं नाही. मी, मी टांगला."

धाकट्यानं तिच्याकडे पाहिलं. तिचं उघडं तोंड, त्यातला एकुलता दात, सगळं त्याला स्वच्छ दिसलं. शब्दही स्वच्छ ऐकू आले. त्यांचा अर्थही कळला.

मग त्यानं नळी खाली आणली.

ओली फांदी पिळून मोडावी तसा आवाज झाला. थोरल्याचा उजवा हात मनगटाच्या वर जिथं वाकायला नको तिथं वाकला. थोरला ओरडला नाही. तो आपल्या हाताकडे असा बघत राहिला, जणू तो दुसऱ्या कुणाचा तरी तिथं पडलाय.

झालं होतं ते एवढंच. भांडणानंतर थोरला कोपर धुवायला विहिरीवर गेला होता. म्हातारीनं पंप ओढत बांधापर्यंत नेला. उद्याचा दिवस तरी शांत जावा, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. आतलं सगळं तिनं बांधावर ओतून टाकलं, फडक्यानं तोंड पुसलं आणि तिचा नवरा टांगायचा तसा पंप खांबाला उलटा टांगला. ओतलं म्हणजे रिकामा झाला, असं तिला वाटलं. तिथून पाण्यापर्यंत टाकी ओढत नेण्याचं बळ तिच्यात उरलं नव्हतं, आणि कुणाला सांगावं तर पुन्हा भांडण. थोरल्यानं परत येऊन पाहिलं तर पंप गायब. त्याला वाटलं, चोरला.

दवाखान्यात थोरल्यानं सांगितलं, घसरून पडलो.

डॉक्टरनं त्याच्या खांद्यावरचा वळ पाहिला. "पडताना नळीवर पडलात वाटतं?"

"हो."

"आणि कपाळ?"

"ते आधीच फुटलं होतं," थोरला म्हणाला.

धाकट्याच्या हाताला टाके पडले. त्यालाही कुणी विचारलं तेव्हा तो म्हणाला, विळा लागला. खोटं नव्हतं ते. घरी बायको पट्टी बदलताना खाली मान घालून म्हणाली, "सासूबाई ओरडल्या ते मला आपल्या रानापर्यंत ऐकू आलं."

त्यानं जुनी पट्टी पायानं बाजूला सारली.

"तुम्हाला नाही ऐकू आलं?"

"नाही."

तिनं पट्टीची गाठ जरा जास्तच घट्ट बांधली.

म्हातारी कुठल्याच घरात गेली नाही. ती बांधावरच्या खांबाशी, गवताच्या आडोशाला बसून राहू लागली. दोन्ही सुना ताट घेऊन जायच्या. ती दोन्हीतलं थोडं थोडं खायची, कुणाला वाईट वाटू नये म्हणून. दोघी जावा तिथं भेटायच्या आणि एकमेकींकडे न बघता भांडी घेऊन परत यायच्या.

आणि किडा कुणासाठी थांबला नाही. आकाश कोरडं होतं, ऊन चढत होतं, त्याला हवं तसं. जळालेल्या वाफ्यांत हिरवं उरलं नाही तसा तिथला उरलासुरला किडा उठला, वाऱ्यावर बांध ओलांडून थोरल्याच्या कांद्यात शिरला. थोरल्याचे दोन-चार दिवस सुरू झाले होते. त्याची वेळ आली होती.

एका संध्याकाळी वहिनी धाकट्याच्या दारात आली. हातात कांद्याचं रोप होतं. ती आत आली नाही, तो उंबऱ्याशी आल्यावर तिनं ते रोप त्याच्या छातीवर आपटलं. त्याच्या सदऱ्यावर किडे पसरले.

"मोजा," ती म्हणाली.

त्यानं खाली पाहिलं. मोजण्यासारखे नव्हते.

"त्यांचा हात गळ्यात आहे. मी पंप उचलला तर माझा मणका सरकतो, काल करून बघितलं. मजूर यायला तयार नाहीत, तुमच्या दोघांच्या रानात पाय टाकायला भितात. उद्या सकाळी तुम्ही फवारायचं."

"वहिनी, तो मला रानात उभा करणार नाही. विळा घालेल डोक्यात."

"घालू दे," वहिनी म्हणाली. "पण कांदा फवारून झाल्यावर. तेवढं सांगून ठेवलंय मी त्यांना."

मागून बायकोनं विचारलं, "औषध कुठलं आणलंय, ताई? आमचंच परत नको."

"वेगळं आणलंय. एवढी अक्कल आहे आम्हाला." मग वहिनी पायरी उतरली आणि न वळता म्हणाली, "तांब्याला पोचा पडलाय तुमच्या. तेवढा ठोकून घ्या."

सकाळी धाकटा पंप घेऊन बांधावर आला तेव्हा थोरला आधीच बसला होता. उजवा हात पांढऱ्या प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. डाव्या हातात विळा. खांबाशी म्हातारी. जरा लांब वहिनी. त्याच्याहून लांब गहूवाला शेजारी, काही काम नसताना आपल्या मोकळ्या रानात उभा.

"धू," थोरला म्हणाला.

"कालच धुतलाय."

"माझ्यासमोर धू."

धाकट्यानं पंप पाटात नेला. टाकी भरली, घुसळली, ओतली. नळीतून पाणी मारून काढलं. पुन्हा भरली, ओतली. तिसऱ्यांदा भरली तसा थोरला म्हणाला, "ओतू नको. त्या पाण्यानं तोंड धू."

शेजाऱ्यानं खाकरल्यासारखं केलं. वहिनी म्हणाली, "अहो."

"तू गप्प बस. धू तोंड. डोळे उघडे ठेवून."

धाकट्याच्या हातात नळी होती, तीच. थोरला बसलेला, एका हाताचा. धाकट्याच्या मानेची शीर तटतटली आणि टाके पडलेल्या हातात कळ उठली. थोरल्यानं विळा मांडीवरून उचलून हातात नीट धरला.

मग धाकटा खाली बसला. टाकी कलती करून त्यानं ओंजळ भरली आणि डोळे उघडे ठेवून तोंडावर मारली. एकदा, दोनदा. डोळे चुरचुरले, लाल झाले. पाणी हनुवटीवरून सदऱ्यात उतरलं. सगळे बघत होते. त्यानं तोंड पुसलं नाही.

"भर आता," थोरला म्हणाला.

त्यानं औषध मोजलं, चिकटा घातला, पंप पाठीवर घेतला. पहिल्या ओळीला लागला. थोरला बांधाबांधानं त्याच्या बरोबर चालत होता, विळा तसाच. टाके पडलेल्या हातानं नळी धरवत नव्हती, तरी धाकटा एकेका मानेत ती खुपसत गेला. स्वतःच्या कांद्यात खुपसली होती तशीच. किडे आखडून पडत होते. त्याला या वेळी हसू आलं नाही.

तिसऱ्या ओळीच्या शेवटी, तो वळायला लागला तेव्हा थोरला म्हणाला, "तू टाकी भरत होतास तेव्हा मी बघत होतो. त्या दिवशी."

धाकटा थांबला.

"मला ठाऊक होतं आत काय होतं. मला वाटलं, चोरलायस ना, आता भोग." तो धाकट्याकडे न बघता कांद्याकडे बघून बोलत होता. "एक हाक मारायची होती. तोंडात आली होती."

धाकट्यानं नळी धरलेली मूठ आवळली. तिच्या तोंडातून औषधाचा थेंब थेंब त्याच्या पायावर पडत होता. विळा एका हाताच्या अंतरावर होता, नळीही. म्हातारी खांबाला धरून उभी राहिली.

"आई बोलली ते मला ऐकू आलं होतं," तो म्हणाला. "नळी खाली आणायच्या आधी."

"माहीत आहे," थोरला म्हणाला. "मारताना तू तिच्याकडे बघत होतास."

धाकटा वळला आणि दांडा हापसत चौथ्या ओळीत शिरला. ऊन तापायच्या आत सगळं रान फवारून झालं. शेवटच्या वाफ्यात थोरल्यानं विळा काखेत दाबला, वाकून डाव्या हातानं एक पात फाकवली, आत बघितलं आणि ती हळूच मिटून ठेवली.

धाकट्यानं पाटात पंप तीन पाण्यांनी धुतला, सगळ्यांच्या देखत. झाकण काढलं, दोरीनं बांधलं, बांधावर येऊन खांबाला उलटा टांगला आणि बाजूला झाला.

थोरला खांबाशी आला. विळा त्यानं गवतात टाकला. डाव्या हातानं पंप खाली काढला, छातीशी धरून पाटात नेला, आणि एका हातानं, दातांनी झाकणाची दोरी ओढत, पुन्हा धुतला. त्याला फार वेळ लागला. मदतीला कुणी गेलं नाही. परत आणून त्यानं तो खांबाला टांगला. एका हाताचं काम, पंप वाकडा बसला.

म्हातारीनं तो सरळ करायला हात उचलला आणि मधेच परत घेतला.

दुसऱ्या दिवसापासून आठवडा धाकट्याचा होता. तो पुढं झाला, त्यानं पंप खाली काढला आणि पाटाकडे निघाला.

"आता आणि काय?" वहिनी म्हणाली.

"धुतो," तो म्हणाला.